चीज वितळतं, पनीर वितळत नाही

लोखंडी तवा मंद आचेवर ठेवा. एका कडेला पनीरचा तुकडा, दुसऱ्या कडेला तेवढ्याच आकाराचा चीजचा तुकडा. आता नुसतं बघत राहा. दोन-तीन मिनिटांत चीजचे कोपरे गोलावतात, मग ते खाली बसतं आणि बघता बघता तव्यावर पसरू लागतं. पनीर मात्र ढिम्म. खालून तांबूस होतं, थोडं पाणी सोडतं, आधी होतं त्याहून घट्ट होतं. आच वाढवलीत तर करपेल, पण वितळणार नाही म्हणजे नाहीच.

दोन्ही दुधाचेच. दोन्हींत स्निग्धांश, प्रथिनं आणि पाणी. मग एकाने वाहायचं आणि दुसऱ्याने ताठ बसायचं, हे ठरवलं कोणी?

हा प्रश्न पडायचं कारण साधं आहे. गरमागरम, वितळलेल्या चीजचं सँडविच. अमेरिकेत ते टर्कीच्या मांसाच्या कापांवर चीज वितळवून करतात. आपण भोर-वेल्ह्याच्या घरात करणार, तर टर्कीच्या जागी कोंबडी येणार. (वेल्हे तालुक्याला राजगड नाव द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला, पण एसटीत बसणारा माणूस अजून ‘एक वेल्हे’ असंच म्हणतो, तेव्हा मीही तेच म्हणतो.) पावाचे दोन काप, उकडलेली कोंबडी, चीज, लोणी आणि तवा. दहा मिनिटांचं काम. पण या दहा मिनिटांत तव्यावर जे घडतं ते नीट पाहिलं, तर भूक थोडा वेळ विसरायला होतं.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू. चीज वितळतं ते त्यात फॅट भरपूर असते म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. वेल्ह्याच्या कानंद खोऱ्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ते पटेलही, कारण सकाळी डेअरीत कॅन ओतला की पहिला प्रश्न हाच असतो: ‘फॅट किती लागली?’ भाव फॅटवर आणि एसएनएफवर. एसएनएफ म्हणजे फॅट वगळून दुधात उरणारा सगळा कोरडा माल: प्रथिनं, साखर, क्षार. आता गंमत अशी, की पनीरमध्येही फॅट काही कमी नसते. म्हशीच्या दुधाच्या चांगल्या पनीरमध्ये ती वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त असू शकते. दुधाची फॅट चाळीस अंशांच्या आसपास पूर्ण पातळ होते, म्हणजे तापलेल्या तव्यावर पनीरमधली फॅटही पातळ झालेली असते! फक्त तिला बाहेर पडायला वाट नसते. ती प्रथिनांच्या जाळ्यात कोंडलेली असते. वितळायचं की नाही हे फॅट ठरवतच नाही. ते ठरतं एसएनएफमध्ये.

तर मग दूध घट्ट कसं होतं, तिथून सुरुवात करू. कारण घट्ट कसं झालं यावरच पुढे वितळणार की नाही हे अवलंबून आहे.

म्हैस व्याली की पहिल्या एक-दोन दिवसांच्या चिकाचा खरवस होतो. त्यात विरजण नाही, लिंबू नाही, काहीच नाही. नुसता गूळ, वेलची आणि वाफ. तरी तो वडी पाडण्याइतका घट्ट बसतो. का? चिकात रेडकाला रोगांपासून वाचवणारी प्रतिकारक प्रथिनं खच्चून भरलेली असतात, आणि अंड्याचा बलक जसा उष्णतेने घट्ट होतो तशीच तीही आवळतात. घट्ट व्हायचा हा पहिला मार्ग. दुसरा मार्ग रोजचा: विरजण. जिवाणू दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि दही लागतं. राजगडाच्या किंवा तोरण्याच्या माथ्यावर धापा टाकत पोहोचल्यावर तिथल्या मावशींकडून जे ताक आपण घटाघटा पितो, ती याच दुसऱ्या मार्गाची देणगी.

हे दोन मार्ग आपल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. चीज येतं तिसऱ्या मार्गाने, आणि तो मार्ग वासराच्या पोटात आहे.

दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या जठरात एक विकर असतं, कायमोसिन नावाचं. ते काय करतं हे समजण्यासाठी दुधाच्या थेंबात डोकवायला हवं. दुधातलं मुख्य प्रथिन केसिन. ते सुटं नसतं. हजारो रेणू एकत्र येऊन त्याचे बारीक गोळे बनतात, इतके बारीक की एका मिलिमीटरमध्ये असे पाच-सात हजार ओळीने मावतील. दूध पांढरं दिसतं ते बरंचसं याच गोळ्यांमुळे, कारण ते प्रकाश चहूकडे विखुरतात. प्रत्येक गोळ्याच्या पृष्ठभागावर बारीक धागे उभे असतात. या धाग्यांमुळे दोन गोळे जवळ आले तरी एकमेकांना चिकटत नाहीत, आणि म्हणून दूध पातळ राहतं. कायमोसिन येतं आणि ते धागे बुडाशी कापतं. एकाच विशिष्ट ठिकाणी, एकच काप! शेकडो जोड असलेली प्रथिनाची साखळी समोर असताना हे विकर नेमका तोच एक जोड शोधून तोडतं. धागे गळाले की गोळे उघडे पडतात आणि एकमेकांना बिलगतात. दूध बसतं.

पण वासराला दूध घट्ट करायची गरज काय? पातळ दूध पोटातून झरकन पुढे निघून जाईल. घट्ट झालं की थांबेल, हळूहळू पचेल. वासराच्या पचनाची ही युक्ती माणसाने हजारो वर्षांपूर्वी उचलली आणि तिच्यातून चीज जन्मलं. आपल्याकडे वासराच्या जठराचा अर्क कोण घेणार? म्हणून भारतात बनणाऱ्या चीजमध्ये बहुतेक ठिकाणी एका बुरशीपासून मिळवलेलं, तसंच काम करणारं विकर वापरतात. पाकिटावरचा हिरवा ठिपका त्या बुरशीच्या कृपेने आहे. वासराचं काम बुरशी करते, हे निदान मला तरी अजून खरं वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. धागे कापलेले गोळे एकमेकांना धरून ठेवतात ते कशाच्या जोरावर? कॅल्शियमच्या. भोरच्या राजवाड्यासारख्या जुन्या बांधकामात दोन दगडांमध्ये चुना असतो ना, अगदी तसं. आणि हे साम्य नुसतं सांगण्यापुरतं नाही, कारण चुना म्हणजेही कॅल्शियमचाच संसार! केसिन हे दगड, कॅल्शियम हा चुना. चुना खूप असेल तर भिंत हलत नाही: अगदी ताजं, पुरेसं न आंबलेलं चीज तापवलं तर रबरासारखं होतं, वाहत नाही. चीज मुरू दिलं की त्यातले जिवाणू थोडं आम्ल करतात, ते आम्ल थोडा चुना खरवडून नेतं, आणि पकड बेताची होते. अशा चीजला साठ-सत्तर अंशांची उष्णता लागली की दगड एकमेकांवरून घसरू लागतात. आधीच पातळ झालेली फॅट त्यांना वंगण पुरवते. यालाच आपण ‘चीज वितळलं’ म्हणतो. खरं तर ते बर्फासारखं वितळलेलं नसतंच. भिंत शाबूत आहे, फक्त सैल झालीय. म्हणून तर घास तोडताना तार निघते!

आणि पनीर? पनीरसाठी आपण दूध आधी चांगलं तापवतो. तिथेच सगळा घोटाळा होतो. त्या तापाने दुधातली दुसरी प्रथिनं, एरवी निवळीबरोबर निघून गेली असती ती, उलगडतात आणि केसिनच्या गोळ्यांवर गंधकाच्या बंधांनी कायमची जखडली जातात. मग लिंबू पिळलं की सगळं मिळून आवळतं. चुना बराचसा निवळीत वाहून गेला, पण दगडच एकमेकांना सांधले गेले. तव्याची आच चुना सैल करू शकते. गंधकाचे बंध तिला तुटत नाहीत. पनीर हट्टी नाही, बिचारं जोडलेलं आहे. आणि आपल्या रश्श्यात ते विरघळत नाही हे त्याचं केवढं भाग्य! नाहीतर मटर पनीरची आमटी झाली असती.

म्हशीच्या दुधाने चीजवाल्यांना एके काळी घाम फोडला होता. त्यात गाईच्या दुधाच्या जवळपास दीडपट कॅल्शियम, केसिनही जास्त. युरोपच्या पद्धती गाईच्या दुधावर बेतलेल्या. म्हशीच्या दुधाची पावडरसुद्धा होणार नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते. आणंदला हरिचंद मेघा दलाया यांनी ती करून दाखवली, आणि १९५५ साली नेहरूंच्या हस्ते तिथला कारखाना सुरू झाला. चीजची वाट त्यानंतर मोकळी झाली. आज आपल्या पुणे जिल्ह्यातच, मंचरला, पराग मिल्क फूड्सचा चीजचा मोठा कारखाना आहे. भोरच्या दुकानातल्या फ्रीजमध्ये जी चीजची वडी दिसते ती कदाचित दोन तालुके ओलांडूनच आलेली असते.

ती वडी हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. चष्मा लागेल. चीज, मीठ, आणि मग एक आकडा: ३३१. कधी त्याच्या शेजारी ३३९ किंवा ४५२. सगळी जादू या आकड्यांत आहे.

या जादूची गोष्ट स्वित्झर्लंडमधल्या थुन गावची. वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर या दोघांना त्यांचं एमेंटाल चीज उष्ण देशांत पाठवायचं होतं. पण गरमीत चीजला तेल सुटायचं, ते घामट व्हायचं, खराब व्हायचं. चीज नुसतं तापवून डब्यात भरावं म्हटलं तर फॅट एकीकडे आणि रबरी गोळा दुसरीकडे. १९११ साली त्यांनी तापत्या चीजमध्ये सोडियम सायट्रेट टाकलं आणि चमत्कार झाला: सगळं मिश्रण एकजीव, तुकतुकीत, ओतता येण्याजोगं. पाकिटावरचा ३३१ तो हाच. पुढे १९१६ मध्ये अमेरिकेत जेम्स क्राफ्टने चीज तापवून टिकवायच्या आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि पहिल्या महायुद्धात त्याचे चीजचे डबे सैनिकांच्या शिध्यात गेले.

सायट्रेट करतं काय? ते चुना चोरतं! कॅल्शियमशी त्याची जबरदस्त मैत्री आहे. ते केसिनला चिकटलेलं कॅल्शियम ओढून घेतं आणि त्या जागी सोडियम सोडतं. सोडियमला दोन दगड धरून ठेवायला जमत नाही. मोकळं झालेलं केसिन आता उलगडतं, एका टोकाने पाण्याला आणि दुसऱ्या टोकाने फॅटच्या थेंबांना धरतं. म्हणून आपल्या वडीचं चीज तव्यावर तेल न सोडता, दाणे न पडता पसरतं. नाक मुरडणाऱ्यांना सांगायला हवं: मुरलेलं नैसर्गिक चीज चवीला कितीही थोर असो, सँडविचमध्ये वितळण्याच्या परीक्षेत ही साधी वडी त्याला सहज मागे टाकते.

सायट्रेट ऐकून हे काहीतरी कारखान्यातलं भयंकर रसायन वाटलं असेल, तर स्वयंपाकघरातच ते तयार करून बघा. वाटीत मोठा चमचाभर लिंबाचा रस घ्या. त्यात खाण्याचा सोडा चिमूट चिमूट टाका. फसफस होईल. एकूण पाव लहान चमच्याहून जरा कमी सोड्यात फेस यायचा थांबतो. वाटीत उरलं ते मुख्यतः सोडियम सायट्रेटचं पाणी. कुणी शहरातून मुरलेलं चेडर आणून दिलं असेल आणि ते तापवल्यावर तेल सोडत असेल, तर किसून या पाण्यात मंद आचेवर ढवळा. गेर्बर आणि स्टेटलर यांनी केलं ते हेच.

आणि आता जे सांगतोय ते वाचून मी स्वतः खुर्चीत सरळ बसलो होतो. भोरला रक्तदान शिबिर लागतं तेव्हा नीट पाहा: रक्ताची रिकामी पिशवी खरं तर रिकामी नसते. ३५० मिलिलिटर रक्ताच्या पिशवीत आधीच ४९ मिलिलिटर स्वच्छ द्रव भरलेला असतो, आणि त्यातलं एक महत्त्वाचं द्रव्य आहे सायट्रेट! रक्त गोठायलाही कॅल्शियम लागतं. सायट्रेटने ते पकडून ठेवलं की पिशवीतलं रक्त पातळ राहतं. हे १९१४-१५ मध्ये ब्रसेल्स, ब्युनॉस आयर्स आणि न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. तोवर रक्त देणारा आणि घेणारा यांना शेजारी शेजारी झोपवावं लागे. म्हणजे थुनमध्ये चीज सैल करणाऱ्या युक्तीला तीन-चार वर्षंही झाली नव्हती, तोच तीच युक्ती माणसांचे जीव वाचवू लागली. वितळणारं चीज आणि न गोठणारं रक्त, दोन्हींच्या मागे एकच चोर.

पुन्हा चीजच्या वडीकडे येऊ. तिचा पिवळा रंग? म्हशीच्या दुधाचं चीज मुळात पांढरं असतं, कारण म्हैस चाऱ्यातल्या पिवळ्या रंगद्रव्याचं जवळजवळ सगळं ‘अ’ जीवनसत्त्व करून टाकते. पाकिटावर १६०-बी लिहिलं असेल तर तो शेंदरीच्या बियांचा रंग. शेंदरीचं झाड मूळचं अमेरिकेतलं. सँडविचमध्ये आपण जी हिरवी मिरची घालणार तीही अमेरिकेतली, टोमॅटो घातलात तर तोही. आणि ज्या पक्ष्यावरून हे सगळं सुरू झालं, ती टर्कीही तिथलीच.

भोरच्या बाजारात टर्की मागितलीत तर दुकानदार आधी तुमच्याकडे आणि मग बाकीच्या गिऱ्हाइकांकडे बघेल. पण हा पक्षी भारतात नवा नाही. १६१२ साली मुकर्रब खानाने गोव्याच्या बंदरातून काही अजब जनावरं आणि पक्षी विकत घेऊन बादशहा जहांगीरला नजर केले. त्यांत टर्की होती. जहांगीर इतका थक्क झाला की त्याने आपल्या आठवणींत तिचं बारकाईने वर्णन लिहिलं, आणि उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म व्हायच्या अठरा वर्षं आधीची ही गोष्ट! जहांगीरला सगळ्यात नवल वाटलं ते तिच्या डोक्या-मानेचे रंग बदलण्याचं. त्यामागचं गमक आता कळलंय. त्या कातडीत तंतूंच्या जुड्या असतात, मधून रक्तवाहिन्या जातात. पक्षी चिडला की रक्तवाहिन्यांची जाडी बदलते, तंतूंमधलं अंतर बदलतं, आणि परावर्तित होणारा रंगही बदलतो.

टर्की, कोंबडी, मोर हे सगळे एकाच कुळातले. तेव्हा टर्कीच्या जागी कोंबडी घेणं म्हणजे फार लांब जाणं नाही. उलट इथे एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी वेल्ह्याच्या रानात पहाटे उठावं. सह्याद्रीच्या झाडीतून जो तुटक, खरबरीत आरव येतो तो राखी रानकोंबड्याचा. पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्याची वंशज, हे डार्विनपासून सांगितलं जात होतं. पण जगभरच्या पाळीव कोंबड्यांत इतक्या सर्रास दिसणारे पिवळे पाय आणि पिवळी कातडी आली कुठून? लाल रानकोंबड्यात तर ती नसते. २००८ साली जनुकांचा माग काढला गेला आणि पिवळ्या कातडीचं जनुक राखी रानकोंबड्याकडे निघालं. फक्त भारतीय द्वीपकल्पात राहणाऱ्या, आपल्या घाटांत आरवणाऱ्या पक्ष्याकडे! अमेरिकेतल्या दुकानात पिवळ्या पायांची कोंबडी कुणी विकत घेतो, तेव्हा त्याच्या पिशवीत या रानाचा एक कण जातो. आपण टर्की मागवायच्या गप्पा मारतोय, आणि इथलं केव्हाच सगळीकडे पोहोचलंय.

छातीचं मांस घ्या. ते पांढरं का असतं? कोंबडी आणि टर्की बहुतेक वेळ चालतात, उडतात ते क्षणभर, जीव वाचवायला. त्या एका झेपेसाठी लागणाऱ्या स्नायूंना प्राणवायू साठवून ठेवणाऱ्या तांबड्या प्रथिनाची गरज नाही. दिवसभर राबणाऱ्या पायांना आहे, म्हणून तंगडी काळसर. दूरवर उडणाऱ्या कबुतराची छाती गडद असते, ती याच न्यायाने. पांढऱ्या मांसात फॅट अगदी कमी, त्यामुळे ते उकडताना जरा वेळ झाला की कोरडं, चरबरीत होतं. साधारण सत्तर अंशांच्या आसपास स्नायूतलं एक प्रथिन आवळतं आणि पाणी पिळून काढतं. पण कच्चं राहूनही चालत नाही, मध्यभागापर्यंत ७४ अंश गाठायलाच हवेत. तेव्हा पाणी खळखळा उकळू देऊ नका. ते नुसतं सळसळत राहू द्या, आणि मांस शिजलं की बाहेर काढा. गावरान कोंबडी असेल तर तिला जास्त वेळ द्या, ती तंतूंनी घट्ट असते. मग हाताने तंतू-तंतू सोडवा. सुरीने कापलेल्या तुकड्यांपेक्षा सुटलेले तंतू चीज जास्त चांगलं धरून ठेवतात.

कालची उरलेली कोंबडी वापरणार असाल तर तिला एक विचित्र, पुठ्ठ्यासारखा वास येतो, तो ओळखीचा असेल. शिजताना मांसातलं लोह मोकळं होतं आणि फ्रीजमध्ये रात्रभर फॅटशी खेळत बसतं. टर्कीला हा वास फार लवकर लागतो. उपाय आपल्या डब्यात आहे: उकडतानाच दोन लवंगा आणि मिरे टाका. लवंगेतलं द्रव्य त्या खेळाला बराच आवर घालतं.

आता जोडणी. पावाच्या कापावर आधी चीज, मग मीठ-मिरपूड-हिरवी मिरची लावलेली कोंबडी, मग पुन्हा चीज. चीज दोन्हीकडे का? वितळलेलं चीज पाव आणि मांस यांना सांधतं, नाहीतर पहिल्या घासाला अर्धी कोंबडी ताटात पडते. चीज किसून घातलं तर लवकर सैल होतं. कांदा घालणार असाल तर बारीक चिरून मुठीत पिळून घ्या. मीठ हात राखून, वडीत ते आधीच भरपूर आहे.

आणि आली खरी कसोटी. पावाच्या बाहेरच्या अंगाला खमंग तांबूस व्हायला किमान १४० अंश हवेत. आतल्या चीजला साठ-सत्तर पुरेत. दोन्हींच्या मध्ये पाव, म्हणजे मुख्यतः हवा! हवेतून उष्णता रडतखडत पुढे सरकते. मोठी आच लावलीत तर बाहेरून कोळसा आणि आत थंडगार चीज. म्हणून आच मंद, तवा जाड. पावाचा बाहेरचा भाग लोण्याने सारवा. पावाचा पृष्ठभाग खडबडीत असतो, जेमतेम काही ठिपक्यांवर तो तव्याला टेकतो. लोणी त्या फटी भरून काढतं आणि उष्णता सगळीकडे सारखी पोहोचते.

टाकलं की चर्र आवाज येतो. कान द्या. लोण्यात सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, पावात त्याहून खूप जास्त. ते उकळून उडतंय तोवर पावाचा पृष्ठभाग शंभर अंशांपुढे जाऊच शकत नाही. आवाज मंदावला म्हणजे पृष्ठभागाचं पाणी संपलं, आणि आता तापमान चढणार. इथून पुढे प्रथिनांचे तुकडे आणि साखर एकत्र येऊन शेकडो नवे सुगंधी रेणू घडवतात, जे ना पावात होते ना लोण्यात. फ्रान्सच्या लुई कामिय मायार याने ही अभिक्रिया १९१२ साली मांडली, थुनच्या चीजनंतर एकाच वर्षाने. त्याला स्वयंपाकात रस नव्हता. शरीरात प्रथिनं कशी बनतात हे त्याला शोधायचं होतं. भाकरीवरचे डाग, भाजलेले दाणे, कॉफीचा वास, सगळं त्याच्या नावावर जमा झालं.

खालची बाजू तांबूस झाली, उलटवलं, आणि आत चीज अजून घट्टच आहे? तव्याच्या कडेला, सँडविचपासून दूर, पाण्याचे चार थेंब टाका आणि वर खोलगट झाकण ठेवा. मावळात तांदळाच्या घावनावर झाकण ठेवतात तेच. एक ग्रॅम वाफ पुन्हा पाणी होताना जवळपास ५४० कॅलरी उष्णता सोडून जाते, तेवढ्यात पाच-साडेपाच ग्रॅम पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत तापेल! चार थेंबांत एवढी ताकद दडलेली असते. अर्धं मिनिट झाकण, मग काढा, नाहीतर तीच वाफ पावाचा कुरकुरीतपणा घालवेल. शेवटची काही सेकंदं उघड्यावर.

लगेच खाऊ नका. वितळलेलं चीज टाळूला चिकटतं आणि तिथेच आपली सगळी उष्णता ओतत बसतं; गरम चहा निदान पुढे निघून तरी जातो. मिनिटभर थांबा. तेवढ्यात आतलं चीज जरा दाट होतं आणि कापताना सुरीबरोबर बाहेर वाहत नाही. फार वेळ थांबलात तर मात्र फॅट पुन्हा घट्ट व्हायला लागते आणि तार निघायची बंद होते. तिरका काप द्या, मधल्या भागाची तार जास्त लांब येते.